उख्तीच्या डोंगरावर

बहरीनमध्ये चढ नाही. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे बोचायला लागलं. माझं माहेर चिपळूणच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायाशी. शाळेला जायचं तर चढ, पऱ्यावर कपडे धुवायला जायचं तर उतार, शेजारच्या वाडीत हळदीकुंकवाला जायचं तर पुन्हा चढ. लग्न करून मनामाला आले आणि खिडकीतून बघितलं तर गच्च्या, पाण्याच्या टाक्या, एसीचे डबे, आणि त्यांच्या पलीकडेही तेच. नवरा सित्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. पहाटे कंपनीची बस न्यायची, संध्याकाळी सोडायची. मधला सगळा दिवस मी त्या सपाट गावात एकटी.

आमची इमारत बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत होती. तळमजल्यावर मालकीण राहायची, एक म्हातारी बहरीनी विधवा. तिचे गुडघे गेलेले, म्हणून तिच्या देखभालीला घरात एक इंडोनेशियन बाई ठेवलेली. माझ्याच वयाची, ठेंगणी, रुंद हाडाची, चालताना तुरुतुरु चालणारी. आम्ही दोघी एकाच वेळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचो. तिला हिंदी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. मग ती मालकिणीच्या घरात जी तोडकीमोडकी अरबी शिकली होती, तीच मी तिच्याकडून शिकले. क्रियापदं नाहीत, काळ नाही, नुसते शब्द एकापुढे एक. पण त्यात आमचं सगळं मावायचं. ती मला ‘उख्ती’ म्हणायची, म्हणजे बहीण. मीही तिला उख्तीच म्हणू लागले. मालकिणीला ती ‘मामा’ म्हणायची. इथल्या घरकाम करणाऱ्या बायका सगळ्याच तसं म्हणतात, पण त्या सत्तरीच्या बाईला मामा म्हणताना मला आमचे मिशीवाले मामा आठवायचे आणि हसू यायचं.

तिला मूलबाळ आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. ‘बच्चा मफी’, नाही, एवढंच ती म्हणाली आणि चिमटे गोळा करायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. माझी आई येणार होती, तिचा व्हिसाही झाला होता, पण ऐन वेळी वडील खळ्यात पडून मांडीचं हाड मोडून बसले. त्यांना टाकून ती कशी येणार. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा माझ्या हातात ते एवढंसं बाळ होतं आणि त्याला आंघोळ घालायची माझी हिंमत होत नव्हती. ओल्या फडक्याने पुसून ठेवायचे आणि रडायचे.

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी दार वाजलं. उख्ती उभी होती, बाह्या वर केलेल्या. ‘तेल’, ती म्हणाली. मी खोबरेल दिलं. तिने ते तळहातावर घेऊन हुंगलं, मान डोलावली, आणि न्हाणीघरात जमिनीवर पाय लांब करून बसली. बाळाला पायांवर पालथं घेतलं. आमच्या गावात न्हाऊ घालणारी बाई बसते, अगदी तशीच. मी दारात उभी राहून बघत राहिले. इतक्या दूरच्या मुलखातल्या बाईला हे कसं माहीत, असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी मानेवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकंही वाटत होतं.

त्यानंतर मुलगी नीट बाळसं धरेपर्यंत ती रोज सकाळी वर यायची. तेल, आंघोळ, धुरी, मग बाळाला घट्ट गुंडाळून माझ्या मांडीवर. मी विचारायचे, ‘मामा ओरडणार नाही?’ ती म्हणायची, ‘मामाच म्हणते, जा.’

मुलगी दोनेक वर्षांची असेल तेव्हाची एक आठवण आहे. थंडीत इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहतात. मालकिणीच्या मुलांनीही दक्षिणेला तंबू टाकला होता. एका शुक्रवारी मालकिणीने आम्हालाही बरोबर नेलं. जाताना तिच्या मुलाने लांबून एक टेकाड दाखवलं आणि अभिमानाने सांगितलं, ‘तो बघा जबल दुखान. बहरीनमधला सगळ्यात उंच डोंगर.’ जबल दुखान म्हणजे धुराचा डोंगर. दमट दिवसांत त्याच्याभोवती धुकं असतं म्हणून हे नाव.

उख्तीने काचेला नाक लावून बघितलं. मग माझ्या कानाशी लागली.

‘हा डोंगर?’

‘हो म्हणे.’

‘धूर कुठंय?’

‘नाहीये.’

‘माझ्या घरी डोंगर आहे,’ ती म्हणाली. ‘त्याला खरा धूर आहे. आत आग आहे. रोज. तू ये, मी दाखवते.’

मला वाटलं, तोडक्या भाषेमुळे मला काहीतरी चुकीचं कळतंय. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘ज्वालामुखी गो. त्यांच्याकडे पुष्कळ आहेत.’

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या सुमाराला मालकीण वारली. मुलांनी इमारत विकायला काढली आणि उख्ती घरी परत गेली. जाताना तिने मुलीच्या टाळूवर नाक टेकवून एक दीर्घ श्वास घेतला. तिच्याकडे पापी घेण्याची तीच रीत. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे जागा घेतली. मी सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका कापडाच्या दुकानात ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम धरलं, ते अजून करते.

पुढे स्मार्टफोन आले आणि उख्तीचा आवाज पुन्हा घरात यायला लागला. अरबी लिहिता दोघींनाही येत नव्हतं, म्हणून आवाजच पाठवायचो. वर्षानुवर्षं आमची अरबी तेवढीच राहिली, उलट थोडी झिजली. कोबी चांगला, पाऊस खूप, नवरा बरा. एकदा तिने एका मुलीचा फोटो पाठवला, डोक्यावर टोपली, मागे पिवळसर धुळीचा ढग. ‘माझी मुलगी’, ती म्हणाली. परत गेल्यावर झाली असणार, असं मी धरून चालले. फोटोत टोपलीची सावली चेहऱ्यावर होती, वय कळत नव्हतं. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती विचारायची, ‘कधी येतेस?’ आणि मी म्हणायचे, ‘इंशाल्ला.’

माझी मुलगी बारावी झाली, पुण्याला तिला प्रवेश मिळाला, आणि ती घरातून जाणार हे पक्कं झालं तेव्हा मी एकदम म्हणाले, ‘जायच्या आधी आपण दोघी जाऊन येऊ.’

‘व्हेअर?’ ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

‘उख्तीकडे.’

तिला उख्ती जवळजवळ आठवत नव्हती. पण ज्वालामुखी म्हटल्यावर तिने फोन बाजूला ठेवला. नवरा मात्र हसला. ‘धूर बघायला एवढ्या लांब कशाला? माझ्याबरोबर सित्र्याला चल, रिफायनरीचा रोज दाखवतो.’ मग दोन दिवसांनी त्यानेच तिकिटं काढून आणली आणि माझ्यासाठी घोटा धरणारे बूटही.

बूट आले, पण चढायची सवय कशी करायची? माझं वजन वाढलेलं, आणि इथे उन्हाळा लागलेला. शेवटी एका मॉलच्या पार्किंगचा रस्ता सापडला, वळत वळत वरच्या मजल्यांवर जाणारा. दुकान बंद झालं की संध्याकाळी मी आणि मुलगी त्यावरून वर-खाली करायचो. पहाऱ्यावरचा माणूस नेपाळचा होता. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला हटकलं. कारण सांगितल्यावर तो स्वतः आमच्याबरोबर एक फेरी चालून आला आणि उतरताना गुडघा किती वाकवायचा ते दाखवून गेला.

दोन विमानं बदलून आम्ही जावा बेटावर, सुराबायाला उतरलो. उख्ती आणि तिचा नवरा छोटा टेम्पो घेऊन आले होते. ती अजून ठेंगणी झाल्यासारखी वाटली, केस पिकलेले, पण चाल तीच. मला मिठी मारायच्या आधी ती मुलीसमोर उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली, कारण मुलगी आता तिच्यापेक्षा वीतभर उंच. मग तिने मुलीला खाली वाकायची खूण केली आणि टाळूवर नाक टेकवलं.

मुलगी अवघडली. पण तिने शाळेत अरबी घेतली होती. तिने स्वच्छ, व्याकरणशुद्ध अरबीत विचारलं, ‘आपली प्रकृती कशी आहे?’ उख्ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ही तर बातम्या सांगते.’

गाडी चढत राहिली. तासाभरात केळी-नारळ संपले, मग थंडी सुरू झाली. डोंगरउतार इतके उभे, की आमच्याकडे तिथे गवतसुद्धा कापायला कोणी उतरणार नाही, आणि त्यांनी त्यावर कोबी, बटाटा, कांद्याच्या पाती अशा लावलेल्या, जशी भिंतीला शिवण घालावी. घरी पोचल्यावर आम्हाला पुढच्या खोलीत न बसवता थेट चुलीपाशी नेलं. त्या गावांत पाहुण्याला चुलीशी बसवणं हाच मान. तिथे उख्तीची आई बसली होती, खांद्याभोवती लुंगीसारखं जाड कापड गुंडाळून. आणि बटाटे भाजत उख्तीची मुलगी.

मी तिच्याकडे बघितलं आणि मनातल्या मनात गडबडले. ही माझ्या मुलीपेक्षा लहान नव्हती. मोठीच होती. पण त्या वेळी मी काही विचारलं नाही. थकलो होतो, बटाटे गरम होते, आणि तिघीजणी एकाच वेळी माझ्या पायांत लोकरीचे मोजे चढवत होत्या.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं ठरलं होतं, पण सकाळी उठलो तर अंगणभर करडी पिठी पडलेली. डोंगराने राख टाकली होती. गावातल्या माणसांच्या फोनवर निरोप आला की वर जायला बंदी. मुलगी हिरमुसली. मला भीती वाटली, पण घरातल्या कोणालाच वाटत नव्हती. उख्तीचा नवरा डोळे चोळत बाहेर आला, राखेत बोट फिरवून बघितलं, आणि म्हणाला ते उख्तीने मला सांगितलं, ‘बारीक आहे. खोकतोय नुसता.’

मग कामच निघालं. कोबीच्या पानांवर राख राहिली की पान जळतं. पाण्याचा पाइप वरच्या वाफ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून झाडाच्या फांद्या घेऊन सगळ्यांनी पानं झटकायची. मी आणि माझी मुलगीही फांद्या घेऊन उतारावर उभ्या राहिलो. तोंडाला फडकं, डोळ्यांत रेती, आणि पाय घसरू नये म्हणून बोटं मातीत रोवलेली. माझे पाय लवकर शिकले. लहानपणी ज्या पायांनी गुरांमागे चढ चढले होते ते पाय अजून माझेच आहेत, हे तिथे कळलं. दुपारी उख्तीची आई वाफ्याच्या कडेला चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून तिच्या भाषेत काही म्हणाली. उख्तीने अर्थ सांगितला: ‘ही बाई डोंगराची आहे.’ मला इतका आनंद कित्येक वर्षांत कुठल्या शाबासकीने झाला नव्हता.

असे दोन-तीन दिवस गेले. मग बंदी उठली.

पर्यटक काळोखात निघतात, सूर्योदय बघायला. उख्तीने साफ नकार दिला. ‘थंडी, गर्दी. ते खाली येतील तेव्हा आपण वर जाऊ.’ आम्ही चांगलं ऊन पडल्यावर निघालो. निघताना तिच्या आईने राखेतून वाचलेला एक कोबीचा गड्डा मुलीच्या हातात दिला. म्हातारी त्या डोंगराच्या जुन्या लोकांपैकी, हिंदू. उख्ती लग्नानंतर मुसलमान झाली. त्या गावांत एका चुलीवर दोन्ही नांदतात आणि कोणी त्याची चर्चा करत नाही. कोबी डोंगराला द्यायचा होता. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तसंच.

एका कड्यावरून खाली उतरलो आणि समोर काळ्या वाळूचं मैदान पसरलेलं. सगळीकडे उभ्या डोंगरभिंती आणि मधोमध तो, ब्रोमो. मी मनात टोकदार शिखर धरलं होतं. हा तर माथा कापून टाकल्यासारखा बसका, राखाडी, पोटावर पावसाच्या ओघळांच्या रेघा, आणि माथ्यातून पांढरा धूर सावकाश निघतोय. घोडेवाले दोन-तीन दिवस रिकामे बसलेले, ते आशेने जवळ आले. मी घोडा घ्यावा असं मुलीचं मत होतं. मी नाही म्हणाले. पार्किंगमध्ये एवढा घाम गाळला तो काय घोड्यावर बसायला.

वाळवंट ओलांडायलाच बराच वेळ लागला. मग चढ. दोन पावलं वर टाकावीत तर एक खाली घसरायचं. शेवटच्या टप्प्याला पायऱ्या होत्या, पण नव्या राखेने अर्ध्या बुजलेल्या, त्यामुळे त्या फक्त कठड्याच्या आधाराने कळत होत्या. वास यायला लागला. फटाके उडवून झाल्यावर अंगणाला येतो तसा, पण त्याहून आंबट, घशात बसणारा. उख्तीने ओले रुमाल आणले होते, ते नाकाला बांधले. ती मागून माझ्या कमरेला हात लावून चालत होती आणि दर काही पायऱ्यांनी म्हणत होती, ‘शवय शवय.’ हळूहळू.

आवाज आधी आला. मला वाटलं विमान चाललंय. मग लक्षात आलं, तो आवाज वरून नाही, खालून येतोय, आणि कानाला नाही तर तळपायांना आधी लागतोय. शेवटची पायरी चढले आणि पुढे जमीनच नव्हती. चालायला दोन माणसांपुरती धार, तिला गुडघ्याएवढा कठडा, आणि पलीकडे खोल खाली उतरत गेलेलं राखेचं विवर, तळाशी एक भोक, त्यातून धूर असा बाहेर पडत होता जसं कोणीतरी आत बसून जीव खाऊन फुंकतंय. वाऱ्याने धूर थोडा हलला तेव्हा भोकाच्या कडा पिवळ्या दिसल्या.

मी कठडा धरून होते तिथेच बसले. बसल्यावर बघते तर माझ्या शेजारी, त्या विवराच्या काठावर, गणपती. छोटा, दगडी, पिवळं कापड नेसवलेला, सोंडेवर आणि मांडीवर राख साचलेली.

‘हा तुझा,’ उख्ती म्हणाली. जशी काही दारातली चप्पल दाखवतेय.

‘इथे कसा?’

‘नेहमीच इथे. डोंगराला बघतो.’

मी पदराने... म्हणजे ओढणीने त्याच्या मांडीवरची राख पुसली. भीती गेली नाही, पण बसायला जागा मिळाल्यासारखं झालं. उख्ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. मुलगी काठाने थोडी पुढे गेली होती, कोबी छातीशी धरून.

आणि तिथे, कशामुळे कोण जाणे, मी विचारलं.

‘तुझी मुलगी माझ्या मुलीपेक्षा मोठी?’

‘दोन वर्षांनी.’

‘म्हणजे तू बहरीनला होतीस तेव्हा ती होती.’

‘होती.’

‘तू म्हणाली होतीस, बच्चा मफी.’

उख्तीने रुमाल नाकाखाली ओढला. ‘मी आले तेव्हा ती आठ महिन्यांची. आईकडे ठेवली. मला दूध येत होतं. एजंट म्हणाला, कुणाला सांगायचं नाही, बाळ आहे कळलं तर परत पाठवतील. मी मामाला पण नाही सांगितलं. पण मामाने ओळखलं. माझे कपडे ओले दिसायचे. मामाला सात मुलं झाली होती, तिला काय सांगायला लागतं.’

‘मग?’

‘काही बोलली नाही. मला कोबीची पानं आणून दिली छातीला बांधायला, दूध आटायला. नंतर खूप दिवसांनी तुझं बाळ आलं. तेव्हा मामा म्हणाली, वर एक बाळ आहे, त्याची आजी आलेली नाही. तू जा. रोज जा. माझी आंघोळ उशिरा झाली तरी चालेल.’

आवाज चाललाच होता खालून. मी इतकी वर्षं समजत होते की मालकिणीने आमच्यावर दया केली, आपली बाई आम्हाला तासभर दिली. तिने ती दिली होती हे खरंच. पण तिने उख्तीलाही काही दिलं होतं.

‘तुला त्रास नाही झाला? माझं बाळ घेताना?’

‘पहिले दिवस झाला.’ तिने आपले दोन्ही तळवे उघडून दाखवले. ‘पण हात रिकामे असले की जास्त दुखतं.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू रोज रडली असतीस. मग बाळाला आंघोळ कोण घालणार?’

ती हसली. मी मात्र तेव्हाचं आणि आत्ताचं मिळून रडून घेतलं. तिने रडू दिलं. वर धुराने डोळे असेही झोंबतच होते.

मुलगी केव्हा परत येऊन मागे उभी राहिली होती, कळलं नाही. अरबी तिला आमच्या दोघींपेक्षा जास्त येते. ती उख्तीसमोर उकिडवी बसली आणि त्या तिच्या बातम्यांच्या अरबीत, पण हळू, विचारलं, ‘मी फार लहान होते का?’

उख्तीने तिच्या हातातला गड्डा तोलून बघितला. ‘याच्याएवढी पण नव्हतीस.’

मग दोघींनी मिळून तो आत टाकला. उतारावर दोनदा आपटला, पानं सुटली, आणि धुरात दिसेनासा झाला. उख्ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, मी हात जोडले. मुलीने जोडले नाहीत, पण तिचा हात उख्तीच्या कोपराभोवती होता आणि उतरताना तो तसाच राहिला.

त्या संध्याकाळी चुलीपाशी मला उख्तीच्या मुलीशी बोलायचं होतं. तिला थोडं इंग्रजी येत होतं, त्यामुळे माझी मुलगी मधे बसली. मी म्हणाले, ‘हिला सांग, तुझ्या आईने माझ्या मुलीला जगवलं. तुझ्या वाट्याचं आमच्याकडे आलं. मला आजच कळलं.’

मुलीने सांगितलं. उख्तीची मुलगी निखारे सारखे करत होती. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं. आईने बाळाचा फोटो पाठवला होता. आजी सांगायची, ही तुझी धाकटी बहीण, परदेशात असते. शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, मला बहरीनला एक बहीण आहे.’

मग ती पुढे म्हणाली, सरळ आवाजात, तक्रार नसलेल्या, ‘राग पण यायचा. आई परत आली तेव्हा मी तिला मावशी म्हणायचे. बरेच महिने. आईने कधी सुधारलं नाही, वाट बघितली.’

तिने एक भाजलेला बटाटा सोलून माझ्या मुलीला दिला, एक मला. माझी मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘आई, मी हिला पुण्याला बोलावू?’ मराठीत म्हणाली. मी म्हटलं, ‘बोलाव.’

निघायच्या दिवशी डोंगर ढगात होता, काहीच दिसत नव्हतं. उख्तीच्या आईने माझे दोन्ही हात धरून चुलीवर शेकले आणि मग सोडले. उख्तीची मुलगी मोटरसायकलवर आमच्या पुढे मुख्य रस्त्यापर्यंत आली, वाफ्यांतला चिखल टायरला लागलेला. तिथे थांबून हात केला आणि लगेच वळली, कारण कांद्याची गाडी भरायची होती.

आम्ही परतल्यावर काही आठवड्यांनी तिथे पुन्हा राख पडली, या वेळी ओली आणि जड, आणि त्यांच्या कांद्याच्या शेडचं छप्पर वाकलं. उख्तीने फोटो पाठवला. मी नवऱ्याला दाखवला. तोपर्यंत त्याला मी सगळी गोष्ट सांगितली होती, डोंगरावरची आणि चुलीपाशीची, आणि त्याने ती जेवण थांबवून ऐकली होती. फोटो त्याने बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. म्हणाला, ‘पाइप बारीक वापरलेत. खांब मधे एकही नाही.’ दुसऱ्या दिवशी त्याने वर्कशॉपमध्ये रजेचा अर्ज दिला.

त्या वर्षी तो गावी गेला नाही. एकटाच जावाला गेला, भाषेचा एकही शब्द न येता, हँडग्लोव्हज आणि वेल्डिंगची काच सामानात घेऊन. सुतळीने मापं घेतली, उख्तीच्या नवऱ्याबरोबर बाजारातून लोखंड आणलं, आणि दोघांनी मिळून नवीन छप्पर उभं केलं, राख घसरून जाईल असं उतरतं. परत आला तेव्हा नाकाचं कातडं सोललेलं, बॅगेत कॉफी आणि दोन कोबी. मी विचारलं, डोंगरावर गेलास का. म्हणाला, ‘वेळ कुठे होता गो? शेडवरून दिसत होता की.’

मुलगी आता पुण्यात आहे. तिची आणि उख्तीच्या मुलीची बोलणी आमच्यापेक्षा जास्त चालतात, कशाबद्दल ते मला सांगत नाहीत. मालकिणीच्या मोठ्या सुनेला मी जावाची कॉफी नेऊन दिली. तिच्या सासूबद्दल उख्तीने काय सांगितलं ते सांगितलं तेव्हा तिने हातातला फिंजान, म्हणजे कॉफीचा छोटा कप, खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आम्हाला तिने हे कधीच सांगितलं नाही.’ आम्ही दोघींनी म्हातारीसाठी, जिच्या तिच्या पद्धतीने, दुवा मागितली, आणि मी दुकान उघडायला गेले.